नवी एकांकिका बघायला जाताय? मग नेमकं काय बघायचं?

२०२२ साली पुण्यात पुरुषोत्तम करंडकाचा निकाल लागला आणि नाटकवाल्या पोरांमध्ये एकच कल्ला झाला. परीक्षकांनी जाहीर केलं होतं की यंदा करंडकाच्या लायकीची एकही एकांकिका नाही, त्यामुळे करंडक कुणालाच मिळणार नाही. स्पर्धा सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. मग फेसबुकवर लांबलचक पोस्टी आल्या. कुणी म्हणालं हा मुलांवर अन्याय आहे, कुणी म्हणालं बरं झालं, कुणीतरी हे सांगायलाच हवं होतं.

वाद चांगला रंगला, पण एक प्रश्न बाजूलाच राहिला. चांगली एकांकिका ओळखायची कशी? परीक्षकांकडे त्यांचे निकष असतात, कॉलेजच्या संघांकडे सीनियर मंडळींनी दिलेले ठोकताळे असतात. तिकीट काढून किंवा पास मिळवून आत बसलेल्या तुमच्या-माझ्यासारख्या प्रेक्षकाकडे काय असतं? बहुतेक वेळा ‘भारी होती’ आणि ‘डोक्यावरून गेली’ एवढे दोनच शेरे.

आधी हे समजून घेऊ: एकांकिका म्हणजे कापून लहान केलेलं नाटक नव्हे

एका अंकात सुरू होऊन त्यातच संपणारी ती एकांकिका. मध्यंतर नाही. स्पर्धांमध्ये ती साधारण पाऊण तास ते तासभर चालते. कथा आणि कादंबरीत जो फरक आहे, तोच एकांकिका आणि नाटकात आहे. कथा म्हणजे कादंबरीचं पहिलं प्रकरण नसतं ना? तसंच हे.

लेखकाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी अडचण वेळेची. दोन-तीन अंकांच्या नाटकात पात्रांची ओळख करून द्यायला पहिला अर्धा तास खर्च करता येतो. एकांकिकेत ती चैन नाही. पडदा उघडतो तेव्हा गोष्ट आधीच बरीच पुढे गेलेली असते. भांडण होऊन गेलेलं असतं, माणूस घर सोडून निघालेला असतो, आणि मागचं सगळं आपल्याला बोलण्या-वागण्यातून ताडावं लागतं.

मराठीला हा प्रकार नवा नाही. दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे यांनी, १९११ पासून नाट्यछटा लिहायला घेतल्या. एकच माणूस बोलतोय, समोरचा दिसतही नाही, आणि पान-दीड पानात त्या बोलणाऱ्याचा सगळा ढोंगीपणा उघडा पडतो. शाळेत पाठांतराला दिल्यामुळे आपण त्यांना फार हलक्यात घेतो. पुढे पु. ल. देशपांडे, विजय तेंडुलकर, रत्नाकर मतकरी, महेश एलकुंचवार या सगळ्यांनी एकांकिका लिहिल्या आणि त्या फक्त हात बसावा म्हणून लिहिल्या नव्हत्या. एलकुंचवारांची नाटककार म्हणून ओळखच ‘सुलतान’ या एकांकिकेपासून सुरू झाली.

(छोटं म्हणजे किती छोटं, असा प्रश्न पडला असेल तर सॅम्युएल बेकेटचं १९६९ मधलं ‘ब्रेथ’ आहे. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं. त्यात नटच नाही.)

मग आज एकांकिका दिसते कुठे?

मुख्यतः स्पर्धांमध्ये. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक घेते. पावसाळ्यात भरत नाट्य मंदिराबाहेर ‘आवाज कुणाचा’ ऐकू आलं की समजायचं, सीझन सुरू. मुंबईत आयएनटी आहे. २०१४ पासून ‘लोकसत्ता’ची लोकांकिका आहे, जिच्यामुळे वेगवेगळ्या विभागांतल्या कॉलेजांच्या एकांकिका एका मंचावर दिसू लागल्या. आणि चतुरंग प्रतिष्ठानची सवाई, जिच्यात वर्षभर इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकाच उतरतात. २५ जानेवारीच्या रात्री सुरू होऊन २६ ची पहाट होईपर्यंत चालणारा तो प्रकार एकदा तरी जागून बघण्यासारखा आहे.

स्पर्धेमुळे एकांकिका जगली, हे खरंच. पण स्पर्धेनं तिला एक साचाही दिला. सुरुवातीला मोठ्ठं संगीत आणि दहा-बारा मुलांची एकत्र हालचाल. मग विनोद. मग सामाजिक विषय, शेतकरी आत्महत्या नाहीतर जात नाहीतर मोबाइलचं व्यसन. शेवटी अंधारात एक किंकाळी आणि स्पॉटलाइटमध्ये एकटा नट. नियमित जाणाऱ्यांना हे इतकं पाठ झालेलं असतं की किंकाळी कधी येणार ते शेजारचा आधीच सांगतो. विषय गंभीर असला म्हणजे लिखाण गंभीर झालं, हा गैरसमज मराठी एकांकिकेत अजून भक्कम आहे.

त्यामुळे एकांकिका बघताना मी स्वतःला पहिला प्रश्न विचारते: यातलं संगीत, प्रकाशयोजना, सेट आणि ती सगळी धावपळ काढून टाकली, दोन खुर्च्या आणि पांढरा लाइट एवढंच ठेवलं, तर काय उरेल? जे उरेल ते लेखकाचं काम. दिग्दर्शकाचं काम कमी महत्त्वाचं असं म्हणायचं नाहीये. पण टाळ्या बहुतेकदा दिसणाऱ्या गोष्टीला पडतात आणि नव्या लेखकाचं नाव बाहेर पडेपर्यंत विसरलं जातं.

एक उदाहरण नीट घेऊ: ‘देवबाभळी’

नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांची ‘देवबाभळी’ ही आधी एकांकिका होती. २०१७ मध्ये भद्रकाली प्रॉडक्शन्सनं तिचं ‘संगीत देवबाभळी’ हे दोन अंकी नाटक रंगभूमीवर आणलं आणि २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार या नाटकासाठी देशमुखांना मिळाला. बक्षिसं बाजूला ठेवू, लिखाण कसं चालतं ते बघू.

तुकाराम महाराज डोंगरावर नामस्मरणात बुडालेले. त्यांची बायको आवली भाकरी घेऊन त्यांना शोधत निघते. वाटेत बाभळीचा काटा पायात रुततो, ती बेशुद्ध पडते आणि साक्षात विठ्ठल येऊन तिच्या पायातला काटा काढतो. इथवरची आख्यायिका कीर्तनातून आपल्या आजीनंही ऐकलेली असते. लेखकाची करामत यापुढे आहे. जखमी आवलीची काळजी घ्यायला रखुमाई तिच्या घरी येते, लखुबाई नावाची साधी बाई बनून. आवलीला हे माहीत नाही. आपल्याला माहीत आहे.

आता बघा काय झालं. आवली तिच्या सवयीप्रमाणे ‘त्या काळ्या’ला शिव्या घालते आणि त्या शिव्या त्याच्याच बायकोला ऐकाव्या लागतात. रखुमाईही मुळात रुसलेली आहे, नवऱ्यानं दुसऱ्या बाईचा पाय हातात का धरला म्हणून. एकीचा नवरा देवापायी घरात नाही, दुसरीचा भक्तांपायी घरात नाही. दोघींचं दुखणं एकच, पण एकीला ते उघड बोलता येतं आणि दुसरीला वेषांतरामुळे येत नाही. रंगमंचावर फक्त दोन बायका आणि त्यांच्यामध्ये एक गुपित. प्रत्येक वाक्याला दोन अर्थ येतात आणि त्यासाठी लेखकाला वेगळं काही करावं लागत नाही, मांडणीच तशी आहे.

शिवाय ज्या दोघांमुळे सगळं घडतं ते तुकोबा आणि विठोबा नाटकभर नाहीतच. कुणाला रंगमंचावर आणायचं नाही हा निर्णय लेखकाचा असतो, आणि छोट्या नाटकात तो फार मोठा ठरतो. पुढच्या वेळी एकांकिका बघताना हे शोधून बघा: ज्याच्याबद्दल सगळे बोलतायत तो माणूस समोर आहे का? नसेल तर का नसेल?

नियम एक, गोंधळ अनेक

विनोदी एकांकिकेला आपण ‘टाइमपास’ म्हणून सोडून देतो, पण तिची गणितं जास्त कडक असतात. देवेंद्र पेम यांचं ‘ऑल द बेस्ट’ आठवा. धंदेवाईक रंगभूमीवर त्यानं जे काही केलं ते सगळ्यांना माहीत आहे. मुळात ती एकांकिका होती. तीन मित्र, एक आंधळा, एक बहिरा, एक मुका, आणि तिघांचं प्रेम एकाच मुलीवर. एवढा एक नियम ठरला की कोणाला काय कळेल आणि काय कळणार नाही हे पक्कं होतं, आणि पुढचा प्रत्येक विनोद त्या नियमातून निघतो. बाहेरून आणलेला एकही किस्सा लागत नाही. (अपंगत्वावर हसण्याबद्दल आज आपल्याला वेगळं वाटू शकतं, आणि वाटावंच. तरी त्याची बांधणी अभ्यासण्यासारखी आहे.)

प्रताप फड यांची ‘अनन्या’सुद्धा आधी एकांकिका, मग नाटक, आणि २०२२ मध्ये सिनेमा. अपघातात दोन्ही हात गमावलेली मुलगी. सिनेमात कॅमेरा हात लपवू शकतो. रंगमंचावर तुम्हाला माहीत असतं की नटीला हात आहेत, ती ते वापरत नाहीये, आणि काही मिनिटांनी तुम्ही ते विसरता. हा करार फक्त नाटकातच होऊ शकतो. एखादी गोष्ट रंगमंचावरच का सांगितली, तिची शॉर्टफिल्म का केली नाही, याचं उत्तर एकांकिकेच्या आतच सापडायला हवं. आताच्या पुष्कळ एकांकिका इथे गडबडतात. पटापट ब्लॅकआउट, मिनिटा-मिनिटाला नवी जागा, मध्येच फ्लॅशबॅक. बघताना वाटतं, हे वेब सिरीजसाठी लिहिलं होतं आणि चुकून इकडे आलं.

शेवटाबद्दल थोडं

धक्का देणारा शेवट हे एकांकिकेचं जुनं व्यसन आहे. धक्का वाईट नसतो, पण तो कुठून आला ते तपासावं. एलकुंचवारांच्या ‘होळी’त सणाची सुट्टी नाकारल्यामुळे चिडलेली होस्टेलची मुलं आहेत. चेष्टा, शिवीगाळ, कंटाळा, मोडतोड असं एकेक वाढत जातं, आणि शेवटी आपल्यातल्याच एकाला, नावं फोडली म्हणून, ती इतकी छळतात की तो जीव देतो. आपण हादरतो, पण मागे वळून बघितलं तर सुरुवातीच्या टवाळीतच ती हिंसा होती आणि आपण तेव्हा हसलो होतो. १९८४ मध्ये केतन मेहतांनी यावर हिंदी ‘होली’ केला. त्यात अगदी कोवळा आमिर खान आहे.

याउलट ‘तो तर दहा वर्षांपूर्वीच मेला होता’ छापाचा शेवट. तो कळल्यावर आधीचा तासभर नव्यानं अर्थपूर्ण वाटतो की नुसता वाया गेल्यासारखा वाटतो, एवढं विचारलं तरी पुरे.

काय माफ करायचं, काय नाही

नव्या लेखकाची एकांकिका म्हणजे बहुतेकदा एकोणीस-वीस वर्षांच्या मुलानं परीक्षा सांभाळून लिहिलेली गोष्ट. लाइट चुकेल, नट वाक्य खाईल, सेटचा दरवाजा हातात येईल. हे सगळं माफ. एखादी एकांकिका शेवटी कोसळली, पण मध्ये दहा मिनिटं तिनं आधी कधी न बघितलेलं माणूस दाखवलं, तर माझ्या मते ती चकचकीत आणि पहिल्या आलेल्या एकांकिकेपेक्षा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

माफ न करण्यासारखी गोष्ट एकच वाटते. पात्रांना फक्त मुद्दा सांगायला उभं करणं. गावातला माणूस आला की नुसता भोळा, वस्तीतला आला की नुसता दुःखी, आणि बाई आली की तिला शेवटी भाषण. भाषासुद्धा ऐका. खानदेशातलं, कोकणातलं, मराठवाड्यातलं बोलणं हल्ली मंचावर बरंच येतं, ही चांगली गोष्ट आहे. पण ती बोली हसं करायला आली आहे की पात्राला त्याच भाषेत विचार करता येतो म्हणून, हे दोन मिनिटांत कळतं.

स्पर्धा संपली की एकांकिका जाते कुठे?

बहुतेक वेळा कुठेच नाही. ‘देवबाभळी’ किंवा ‘अनन्या’सारखा प्रवास मोजक्यांच्या वाट्याला येतो. बाकीच्यांचे सीझनभरात काही प्रयोग होतात, मुलं पास होऊन पांगतात, आणि संहिता कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये पडून राहते. तेंडुलकर-मतकरींच्या एकांकिकांची पुस्तकं आजही वाचायला मिळतात. या पिढीतल्या बहुतेकांच्या एकांकिका छापूनच येत नाहीत. स्पर्धांत सहसा चित्रीकरणाला मनाई असते, त्यामुळे यूट्यूबवर शोधून फारसं हाती लागत नाही. मग दोन वर्षांनी ‘ती एक भारी एकांकिका होती ना’ एवढीच आठवण उरते, नाव न आठवणारी.

म्हणून प्रयोग संपला की सेल्फीआधी लेखक कोण ते विचारा. तो किंवा ती बहुतेकदा विंगेत सेट उचलत असते. स्टोरी टाकणार असाल तर एकांकिकेच्या नावासोबत लेखकाचंही नाव लिहा. संहिता वाचायला मागा. बहुतेक जण आनंदानं पीडीएफ देतात. पण ती पुढे ढकलू नका, आणि तुमच्या कॉलेजात, ऑफिसात किंवा गणेशोत्सवात ती करायची असेल तर आधी लेखकाची लेखी परवानगी घ्या आणि मानधन ठरवा. जाहीर प्रयोगासाठी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं, तेव्हा तारीख ठरवण्याआधी हे दोन कागद हातात असू द्या.

आणि अंतिम फेरीचा पास मिळाला नाही म्हणून हिरमुसू नका. प्राथमिक फेरीला गर्दी कमी असते, एका दिवसात तीन-चार नवे लेखक बघून होतात, आणि करंडकापर्यंत न पोचणाऱ्या एकांकिका बघायची तीच एक जागा आहे.