खालून वाच

बाबा अकोल्यात एका अडत्याकडे मुनीम होते. विदर्भाचा संघ १९५७-५८ मध्ये पहिल्यांदा रणजीत उतरला, तेव्हापासून ते त्याच्या पाठीशी. मी पेपरातला गुणतक्ता धुंडाळू लागलो की म्हणायचे, "खालून वाच, आपली टीम लवकर सापडीन." आमचा पाठिंबा म्हणजे असा: हसतहसत हरणं.

२०१७ च्या डिसेंबरात इंदूरला दिल्लीशी अंतिम सामना. बाबा नव्हते. मोठ्या लढतीत आपल्या अकोल्याच्या आदित्य ठाकरेला पदार्पण मिळालं, आणि टिळक रोडवरच्या चहाच्या टपरीवर ज्याला त्याला तो आपल्याच गल्लीतला वाटू लागला. (मलाही.) रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली, सहा बळी टिपले. दिल्ली २९५. मग अक्षय वाडकरच्या १३३ धावा आणि आपले ५४७! हा आकडा मी टपरीवाल्याकडून दोनदा वदवून घेतला.

१ जानेवारी २०१८. हव्या होत्या फक्त २९ धावा. वसीम जाफरने विजयी चौकार मारला, तेव्हा टपरीवाल्याचं दूध उतू गेलं, कोणी भांडं उतरवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर मी वरून वाचला.