खिंड मिटली, बाजार उठला

सिक्कीमच्या पोस्टिंगवर असताना कालिम्पोंगला जाणं व्हायचं. मित्रांनो, एके काळी तिबेटी लोकर लादलेले खेचरांचे तांडे जेलेप ला खिंड ओलांडून इथे उतरत. म्हणूनच मारवाडी, नेवार आणि तिबेटी व्यापाऱ्यांनी पेढ्या इथे थाटल्या. १९६२ च्या युद्धाने खिंड बंद झाली आणि लोकरीचा धंदा बसला. पुढे या भागाच्या व्यापाराचं केंद्र सिलिगुडी झालं, कारण ईशान्येची रेल्वे आणि रस्ते तिथूनच जातात. २००६ मध्ये सीमाव्यापारासाठी नथु ला उघडली, पण तिचा रस्ता गंगटोकवरून येतो. कालिम्पोंगचा लोकरबाजार पुन्हा उभा राहिला नाही. आपण फौजी खिंडीकडे मोर्चा म्हणून पाहतो. इथल्या हमालांची आणि खेचरवाल्यांची चूल मात्र तिच्यावरच पेटत होती.