न्हावा-शेवा परिसरातील अधिवाससंरक्षण : एक ऐतिहासिक मागोवा

वन्यजीवसंरक्षणाचा इतिहास बहुधा प्राण्यांच्या नावाने लिहिला जातो. ते ज्या भूमीवर व पाण्यावर जगतात त्यांचा उल्लेख ओघाने येतो. न्हावा-शेवा परिसरात कायदा प्रथम पक्ष्यापर्यंत, नंतर झाडापर्यंत पोहोचला. भरतीच्या पाण्यापर्यंत तो कितपत पोहोचला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१९५१ च्या मुंबई वन्यपशू व वन्यपक्षी संरक्षण कायद्याचा भर शिकारीच्या नियमनावर होता. १९६८ मध्ये पनवेलनजीक कर्नाळा अभयारण्य स्थापन झाले आणि पक्ष्यांबरोबर त्यांचे रानही संरक्षणाच्या कक्षेत आले. परंतु ते डोंगरावरचे रान होते. खाडीकाठची खाजणे, तिवरांची दाटी व ओहोटीला उघडा पडणारा चिखल यांना शासकीय दृष्टीने पडीक जमिनीहून फारसे मोल नव्हते. निवटी, चिंबोऱ्या व कालवे यांवर संसार चालविणाऱ्या कोळ्यांना मात्र ही जागा पडीक कधीच वाटली नाही.

मुंबई बंदरावरील ताण कमी करण्यासाठी उभारलेले न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. तत्पूर्वी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकरी आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण गमावले. हा लढा मुख्यत्वे शेतजमिनीच्या मोबदल्याचा होता आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. सातबारा नसलेल्या खाडीचा मोबदला कोणी मागावा, हा प्रश्न तेव्हा मागेच राहिला.

किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली, म्हणजे बंदर सुरू झाल्यानंतर. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांच्या तोडीस व त्यांच्या ५० मीटर परिसरातील बांधकामास मनाई केली. २०१२ मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरविला. हे निर्णय मोलाचे आहेत, यात शंका नाही. तथापि तिवराला कुऱ्हाड न लावताही मारता येते. भराव घालून वा नाल्याचे तोंड बुजवून भरती अडविली की ते जागीच सुकते.

पक्ष्यांचेही तसेच आहे. २०१५ मध्ये ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य घोषित झाले. पण भरतीत तेथील चिखल बुडाला की पक्ष्यांना विसाव्यासाठी उथळ पाणथळी लागतात. उरणजवळचे पाणजे हे त्यांपैकी एक ठिकाण. ते अभयारण्याच्या सीमेबाहेर आहे, आणि तेथील भरतीचे मार्ग अडविल्याच्या तक्रारी पक्षिनिरीक्षक व मच्छीमार यांनी वारंवार केल्या आहेत.

या दृष्टीने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा २७ फेब्रुवारी २०१५ चा आदेश अभ्यासनीय आहे. बंदराच्या विस्तारामुळे खाडीचा प्रवाह आणि कांदळवने बाधित झाल्याची पारंपरिक मच्छीमारांची तक्रार ऐकून न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. १९८४ मध्ये ज्या खाडीचा दावा कोणी मांडला नव्हता, तो येथे प्रथमच रुपयांत मोजला गेला, आणि तोही पक्ष्यांच्या नव्हे तर कोळ्यांच्या नावाने.