जखमी माशाची नक्कल

माणूस फसला की आपण म्हणतो, 'गळाला लागला'. या वाक्प्रचारात मासा मूर्ख आणि गळ टाकणारा हुशार. पण खाडीच्या काठावर तासन् तास गळ टाकून बसलेल्या कुणालाही विचारून बघा, तो हसेल. मासा इतक्या सहज फसत नाही. गळाला गांडूळ किंवा कोळंबी लावली तर निदान खरा वास आणि खरी चव असते. पण लाकडाचा, पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा खोटा मासा लावला तर? आपल्याकडचे हौशी मासेमारही आता ज्याला सरळ 'लुअर' म्हणतात, त्या वस्तूकडे वास नसतो आणि चवही नसते. असते ती फक्त हालचाल. तेवढ्या भांडवलावर तिला एका शिकारी माशाची खात्री पटवायची असते.

खोट्या आमिषाची कल्पना फार जुनी आहे. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे पॉलिनेशियन लोक चकाकत्या शिंपल्याची पट्टी घासून त्याला टोकदार गळ बांधायचे आणि वेगात जाणाऱ्या होडीमागे ती ओढायचे. पाण्यात ती पट्टी छोट्या माशासारखी चमकायची आणि कुपा जातीचे मासे तिच्यावर झेप घ्यायचे. तिथे हे सारं घरीच बनायचं. दुकान नव्हतंच.

दुकानात विकायच्या लुअरचा इतिहास मात्र बहुतेक वेळा अपघाताच्या गोष्टीने सुरू होतो. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल नावाच्या तरुणाची गोष्ट सांगतात. होडीत बसून जेवताना त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला आणि बुडत जाणाऱ्या त्या लकाकत्या चमच्यावर मोठा मासा धावून आला. मग ब्यूएलने चमच्याची दांडी कापली, त्याला गळ जोडला आणि पुढे १८५२ साली अशा लुअरचं पेटंट घेतलं. दुसरी गोष्ट जेम्स हेडनची. मिशिगन राज्यातल्या डोवॅजिॲक गावचा हा माणूस मधमाशा पाळायचा, वर्तमानपत्रही चालवायचा. तळ्याकाठी वाट बघत बसलेला असताना त्याने हातातला तासलेला लाकडाचा तुकडा पाण्यात भिरकावला आणि माशाने तो उडवून लावला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेडनची कंपनी लाकडी लुअर विकत होती.

या गोष्टी खऱ्या असतील, किंवा सांगता सांगता गोल झालेल्या असतील. त्यांची मोडणी एकच आहे: काहीतरी पाण्यात पडतं आणि एका क्षणात शोध लागतो. न्यूटनचं सफरचंद असो की आर्किमिडीजची आंघोळ, आपल्याला शोध असेच आवडतात. मला फिनलंडमधल्या एका माणसाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात असा क्षणच नाही. तिच्यात आहे ती गरज आणि कंटाळा न करता पुन्हा पुन्हा केलेलं तेच काम.

लाउरी रापाला १९०५ साली फिनलंडमधल्या सिस्मा इथे जन्मला. त्याचं आडनाव कसं आलं, याचीही एक कहाणी आहे. तो लहान असताना आई त्याला घेऊन आसिक्काला या भागात राहायला आली. तिथल्या चर्चच्या वहीत नाव चढवताना पाद्र्याला त्यांचं मूळ आडनाव आठवेना, म्हणून ते ज्या गावाहून आले होते त्याचंच नाव त्याने लिहून टाकलं, असं सांगतात. पुणेकर, सातारकर, मालवणकर असलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. फरक इतकाच, की त्या छोट्या गावाचं नाव पुढे जगभरच्या लुअरच्या डब्यांवर छापलं गेलं.

लाउरीकडे शेती नव्हती आणि मोठं शिक्षणही नव्हतं. हिवाळ्यात तो जंगलात लाकूडतोड करायचा आणि उन्हाळ्यात पायान्ने या विस्तीर्ण तळ्यात मासे पकडायचा. घरात लेकरं होती आणि काळ १९३० च्या दशकातल्या जागतिक मंदीचा होता. मासेमारी हा त्याचा छंद नव्हता, रोजी होती. एका लांब दोरावर शेकडो गळ लावून तो दोर तळ्यात सोडायचा, ही त्याची एक पद्धत. पण प्रत्येक गळाला जिवंत छोटा मासा लावायचा, तर आधी तेवढे छोटे मासे पकडायला हवेत. म्हणजे मासे पकडण्यासाठी मासे पकडायचे. दिवसातला मोठा भाग यातच जायचा. कधी न मरणारं आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारं आमिष मिळालं, तर ते तास वाचणार होते. ज्याची मजुरी रोजच्या पकडीवर ठरते, त्याच्यासाठी वाचलेला तास म्हणजे पैसाच.

वल्ही मारता मारता तो पाण्यात बघत राहायचा. छोट्या माशांचा थवा जात असतो. एकदम शेकडो मासे, एकाच लयीत. मोठा शिकारी मासा त्या थव्यावर कसाही तुटून पडत नाही. तो एकाला हेरतो. कुणाला? जो जरा वेगळा पोहतोय त्याला. जखमी, आजारी, अंग एका बाजूला टाकत अडखळणारा. तो पकडायला कमी श्रम पडतात. शिकाऱ्याच्या दृष्टीने हा सरळ हिशेब आहे.

लाउरीच्या कामाचा गाभा या निरीक्षणात आहे. तोवर खोटा मासा बनवणाऱ्यांचं बरंच लक्ष रंगाकडे, डोळ्यांकडे, चमकण्याकडे असायचं. मासा माशासारखा दिसला पाहिजे, ही समजूत साहजिकच होती. लाउरीने ठरवलं की नक्कल करायची ती दिसण्याची नाही, खोटीची. धडधाकट मासा बनवून उपयोग नाही, अधू मासा बनवायला हवा.

१९३६ च्या सुमाराला त्याने असा लुअर तयार केला. हत्यार म्हणजे चपला-बूट शिवणारे वापरतात तसली रापी आणि सँडपेपर. अंग बुचाच्या लाकडाचं, म्हणजे ज्याचं बाटलीचं बूच बनतं त्याच झाडाच्या सालीचं. चमकीसाठी चॉकलेटच्या वेष्टनातला चंदेरी कागद गुंडाळला. त्यावर पाण्यात टिकणारा लेप हवा होता, पण वॉर्निशला पैसे कुठले? त्याने फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून तो लेप चढवला. त्या काळातली फिल्म सेल्युलोजपासून बनायची, त्यामुळे तिचा पारदर्शक, कडक थर बसायचा. सगळं साहित्य म्हणजे कुणीतरी टाकून दिलेला कचरा.

आता हा लाकडी तुकडा अडखळत कसा पोहतो, ते बघण्यासारखं आहे. लुअरच्या तोंडाशी एक छोटी तिरकी पट्टी असते, तिला ओठ म्हणतात. दोर ओढला की पाणी या ओठावर आदळतं आणि लुअरचं नाक खाली दाबतं. म्हणून एरवी तरंगणारी ही वस्तू ओढताना पाण्याखाली जाते. ओठाच्या दोन्ही कडांवरून सुटणारं पाणी भोवरे तयार करतं, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. प्रत्येक भोवरा लुअरला आपल्याकडे खेचतो. त्याच वेळी अंगाचं हलकं लाकूड वर उचलत असतं आणि पोटाखाली लटकलेले गळ खाली ओढत असतात, म्हणून कलंडलेला लुअर पुन्हा सरळ होतो. कलंडणं आणि सावरणं यांच्या या सततच्या भांडणातून डुलणं जन्माला येतं. लाकूड जितकं हलकं तितका लुअर चपळ. युद्धानंतर बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतलं अतिशय हलकं लाकूड वापरात आलं, त्याचं कारण हेच.

हे डुलणं मासा फक्त डोळ्यांनी बघत नाही. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदी रेषा असते. पाण्याच्या दाबातले बारीक बदल तिला कळतात. गढूळ पाण्यात किंवा अंधारातही शेजारी कुणीतरी धडपडतंय, हे शिकाऱ्याला या रेषेमुळे जाणवतं. लाउरीने भोवऱ्यांचं गणित मांडलं नव्हतं. त्याने एवढंच केलं: तासलं, पाण्यात ओढून पाहिलं, पुन्हा तासलं.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे गोष्टीचा यापुढचा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. लाकूड हा एकसारखा माल नाही. एकाच फळीतून कापलेल्या दोन तुकड्यांचं वजन वेगळं भरतं. एकाच मापाने बनवलेल्या दोन लुअरमधला एक झकास डुलतो, दुसरा एका कुशीवर आडवा होतो. म्हणजे नक्षा बरोबर असला तरी वस्तू बरोबर असेलच असं नाही. यावर रापाला कुटुंबाचं उत्तर साधं होतं. प्रत्येक लुअर पाण्यात ओढून बघायचा. दहातला एक नाही, शंभरातला एक नाही, प्रत्येक. तो उजवीकडे पळत असेल तर नाकावरची तारेची कडी किंचित डावीकडे वाकवायची, डावीकडे पळत असेल तर उजवीकडे, आणि पुन्हा ओढून बघायचा. पुढे कारखाना झाल्यावरही पाण्याच्या टाकीत ही तपासणी चालू राहिली आणि कंपनी ती अभिमानाने मिरवते. आमच्या धंद्यात नमुना तपासून बाकीच्यांवर विश्वास टाकायची सवय असते. लाउरीला ती चैन परवडणारी नव्हती, कारण पहिला गिऱ्हाईक तो स्वतः होता आणि बिघडलेल्या लुअरची किंमत त्या दिवसाच्या चुलीला मोजावी लागायची.

१९३९ च्या शेवटी सोव्हिएत रशियाने फिनलंडवर हल्ला केला आणि लाउरीही युद्धात गेला. कच्च्या मालाच्या टंचाईत बूच मिळेनासं झालं की पाईनच्या झाडाची साल कोरूनही लुअर बनले. युद्ध संपल्यावर त्याचे मुलगे कामाला लागले, यंत्रं आली, उत्पादन वाढलं. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसचे रॉन वेबर आणि रे ऑस्ट्रम यांनी हे लुअर आयात करायला सुरुवात केली.

मग आला १७ ऑगस्ट १९६२ चा 'लाइफ' साप्ताहिकाचा अंक. त्यात रापालाच्या लुअरवर लेख होता. पण त्याच महिन्याच्या सुरुवातीला मेरिलिन मन्रोचा मृत्यू झाला होता आणि अंकाच्या मुखपृष्ठावर तीच होती. तिच्यासाठी विकत घेतलेला अंक लाखो घरांत पोचला आणि त्याबरोबर फिनलंडचा तो लाकडी मासाही. मागणीचा असा पूर आला की पुरवठा कोलमडला. तळ्याकाठची काही दुकानं लुअर विकण्याऐवजी अनामत घेऊन भाड्याने द्यायची, असंही सांगतात. घ्या, अपघात शेवटी या गोष्टीतही आलाच! पण तो शोधाचा नव्हता, खपाचा होता. शोध तेव्हा पंचवीस वर्षांचा झाला होता.

या खपाने वस्तूचा अर्थ बदलला, आणि मला तिथे थांबावंसं वाटतं. लाउरीने लुअर बनवला तो वेळ वाचवण्यासाठी. अमेरिकेत तो विकत घेणाऱ्या बहुतेकांकडे घालवायलाच वेळ होता, शनिवार-रविवार. एका मजुराचं पोटापाण्याचं हत्यार दुसऱ्याच्या सुट्टीचं खेळणं झालं. हे वाईट झालं, असं मी म्हणणार नाही. त्या पैशांवर एका गरीब कुटुंबाचं आणि आजूबाजूच्या गावांचं भलं झालं. १९७४ मध्ये लाउरी वारला, तेव्हा त्याचं नाव जगभर पोचलेलं होतं. पण खपासाठी बनणाऱ्या लुअरला दोन परीक्षा असतात. पाण्यातल्या माशाने तो गिळला पाहिजे आणि त्याआधी दुकानातल्या माणसाने तो उचलला पाहिजे. दुसरी परीक्षा रंगाने आणि खवल्यांच्या हुबेहूब चित्राने पास होता येते. दुकानाच्या भिंतीवर टांगलेला लुअर डुलत नसतो, त्यामुळे तिथे फक्त दिसणंच उरतं. चॉकलेटच्या कागदातला तो पहिला लुअर आजच्या दुकानात कुणी हातात तरी घेतला असता का?

म्हणूनच मला घरी लुअर बनवणाऱ्यांबद्दल आपुलकी वाटते. विकत आणलेला लुअरही हे लोक तसाच वापरत नाहीत. पक्कड घेऊन नाकाची कडी वाकवतात. तरंगणारा लुअर पाण्यात अधांतरी थांबावा म्हणून गळाच्या दांडीवर सोल्डरिंगची तार गुंडाळतात आणि बादलीत सोडून बघतात. दोन वेढे जास्त झाले तर एक काढतात. तीन काट्यांचा गळ काढून तिथे एकच काटा लावतात, म्हणजे परत सोडायच्या माशाला कमी इजा होते. कुणी झाडाच्या वाळक्या फांदीपासून सुरुवात करतं, कुणी जुन्या चमच्यापासून. कारखान्याने त्या लुअरवर शेवटचा हात फिरवून तो बंद डब्यात घातलेला असतो. हे लोक डबा उघडतात आणि काम पुढे चालू करतात.

त्यातले बरेच लुअर एका कुशीवर आडवे होतात. मग तंगूस गुंडाळायचा, कडी थोडी वाकवायची आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. पास की नापास, ते मासा ठरवतो.