भय आधी, अफवा मागाहून

१५ जानेवारी १९३४ हा सोमवार होता. संक्रांतीचा सण नुकताच उलटला होता. दुपारी सव्वादोनच्या सुमारास उत्तर बिहार आणि नेपाळ यांची भूमी हादरली. मुंगेर आणि मुझफ्फरपूर ही शहरे पाहता पाहता ढिगाऱ्यांत जमा झाली. सीतामढी, दरभंगा, मधुबनी या पट्ट्यात जमीन दुभंगली, भेगांतून पाणी आणि वाळू उसळली आणि उभी शेते वाळूखाली गाडली गेली. दोन्ही देश मिळून दहा हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. तुरुंगातून नुकतेच सुटलेले राजेंद्रप्रसाद मदतकार्यास लागले. देशभरातून येणाऱ्या निधीचा हिशेब चोख राहावा म्हणून ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा बिहारमध्ये येऊन बसले.

या भूकंपाची हकिकत अनेकांनी लिहून ठेवली आहे. प्रस्तुत लेखात आपल्याला पाहायची आहेत ती, ज्यांची घरे पडली नाहीत अशी माणसे. धक्का त्यांनाही बसला होता, तोही जोराचा आणि दीर्घ. ती जीव मुठीत धरून अंगणात धावली. परंतु भोवताली पाहतात तो भिंती जागच्या जागी, विहिरी शाबूत, मुलेमाणसे सुखरूप. अशा भागात पुढील काही आठवडे लोक एकमेकांना काय सांगत होते, याची नोंद पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी चिकाटीने केली आणि १९३५ साली ती इंग्लंडमधील एका मानसशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

या नोंदीतील अफवा वाचताना मन थबकते. भूकंपाच्या क्षणी गंगेचे पाणी नाहीसे झाले आणि स्नान करणारी माणसे वाळूत रुतली. नेपाळच्या सीमेवरून महापूर मधुबनीच्या रोखाने धावत येत आहे. येत्या दोन-तीन दिवसांत पाटण्यावर भयंकर चक्रीवादळ कोसळणार आहे. चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून मोठा भूकंप होणार आहे. आधीच भेदरलेल्या माणसांना धीर देईल असे या अफवांत काहीच नव्हते. त्या भीतीत भर घालणाऱ्याच होत्या आणि तरीही त्या वणव्यासारख्या पसरल्या.

केवळ अशिक्षितांनीच आपत्तीचे कारण असे शोधले, असे समजण्याचे कारण नाही. त्या दिवसांत हरिजन दौऱ्यावर असलेल्या महात्मा गांधींनी हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा होय, असे जाहीरपणे सांगितले. अस्पृश्यतेविषयी गांधीजींइतकीच चीड असलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांना हे विधान सहन झाले नाही. निसर्गातील घटनांची कारणे निसर्गातच असतात, असे त्यांनी लिहिले आणि एक मार्मिक इशाराही दिला. हाच न्याय लावला, तर गांधीजींचे सनातनी विरोधक उद्या या भूकंपाचे खापर गांधीजींच्याच माथी फोडू शकतील, असा त्याचा आशय होता. गांधीजींनी हे पत्र आपल्या ‘हरिजन’मध्ये छापले आणि आपले मत न बदलता त्याला उत्तरही दिले. दोन थोर मित्रांचा हा मतभेद आजही वाचण्याजोगा आहे. आपल्याला येथे संत लूकच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. ती यरुशलेममधील इतर रहिवाशांहून अधिक पापी होती काय, या प्रश्नाला प्रभू येशूने स्पष्ट नकार दिला होता आणि ऐकणाऱ्यांना पश्चात्तापासाठी स्वतःकडे पाहावयास सांगितले होते.

जमुना प्रसाद यांच्या नोंदीला पुढे अनपेक्षित वाचक लाभला. १९५०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर हे तरुण मानसशास्त्रज्ञ समाजात माहिती आणि मते कशी पसरतात याचा अभ्यास करीत होते. बिहारच्या अफवा वाचून ते कोड्यात पडले. माणूस दुःखदायक विचार टाळतो, सुखद विचार जवळ करतो, अशी सर्वसाधारण समजूत. मग भ्यालेल्या लोकांनी अधिक भ्यावे अशा वार्तांवर विश्वास का ठेवला असेल?

याच सुमारास दुसरी एक भारतीय नोंद उपलब्ध झाली. जून १९५० मध्ये दार्जिलिंग येथे दरडी कोसळून मोठा अनर्थ झाला. तेथील लोकांच्या बोलण्याचा अभ्यास दुर्गानंद सिन्हा यांनी केला आणि तो १९५२ साली प्रसिद्ध झाला. दार्जिलिंगच्या लोकांनी मृत्यू आणि विध्वंस डोळ्यांनी पाहिला होता. त्यांच्या तोंडी मात्र येणाऱ्या महाप्रलयाच्या अफवा नव्हत्या. घडले त्याचीच थोडीफार कमीअधिक वर्णने होती.

या दोन नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा फेस्टिंगर यांना कोड्याची किल्ली सापडली. दार्जिलिंगच्या माणसाला आपण का घाबरलो हे स्वतःला समजावून सांगण्याची गरज नव्हती. कारण त्याच्या समोर पडलेले होते. बिहारमधील ज्या गावी काहीच पडले नव्हते, तेथील माणसाच्या छातीत धडधड होती आणि डोळ्यांसमोर कारण नव्हते. मनाला ही विसंगती सोसवेना. तेव्हा मनाने भीतीला शोभेल असे कारण बाहेर शोधले. ‘वादळ येणार आहे’ ही वार्ता ऐकताच त्याला वाटले, आपण उगाच घाबरलो नव्हतो! अफवेने भीती निर्माण केली नव्हती. भीती आधीपासून होती. अफवेने तिला आधार पुरवला. या विचारातून फेस्टिंगर यांनी १९५७ साली बोधात्मक विसंवादाचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला आणि तो पुढे सामाजिक मानसशास्त्राचा एक आधारस्तंभ ठरला. त्याच्या पायाशी बिहारची वाळू आणि दार्जिलिंगची माती आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

येथवर ही कथा निरुपद्रवी वाटते. वादळाची अफवा पसरली, वादळ आले नाही, लोक कामाला लागले. परंतु कारणाच्या शोधात निघालेले भय नेहमीच आकाशाकडे पाहत नाही. पुष्कळदा ते शेजारच्या दाराकडे पाहते. तेव्हा अफवेला माणसाचे नाव चिकटते, आणि मग इतिहासाची पाने रक्ताने भिजतात.

१३४८ साली युरोपात प्लेगची महामारी पसरत होती. रोगाचे खरे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. ज्यू लोक विहिरींत विष टाकतात अशी वदंता उठली. छळ करून कबुलीजबाब घेतले गेले आणि त्या कबुलीजबाबांच्या नकला शहरोशहरी फिरल्या. आव्हिन्यों येथून पोप सहावे क्लेमेंट यांनी त्याच वर्षी फर्माने काढून या आरोपाचा निषेध केला. त्यांचा युक्तिवाद साधा आणि बिनतोड होता: ज्यू लोकही याच रोगाने मरत आहेत, आणि जेथे एकही ज्यू राहत नाही तेथेही हा रोग पसरला आहे. तरीही १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्ग येथे शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. त्यांना अभय देणारे नगरशासन लोकांनी त्याआधीच उलथून टाकले होते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या दिवसापर्यंत स्ट्रासबुर्गमध्ये प्लेग पोहोचलाच नव्हता. तेथे केवळ प्लेगचे भय पोहोचले होते. जाळणारे लोक बाप्तिस्मा घेतलेले, आपल्याच धर्माचे होते, आणि पोपचा शब्दही त्यांना आवरू शकला नाही. हे लिहिताना लेखणी जड होते. परंतु ते झाकून ठेवून आपला काही लाभ नाही.

मग पोपचा युक्तिवाद निष्फळ का ठरला? याचे उत्तर केवळ भीतीत सापडत नाही. ज्यूंविषयीचा तिरस्कार त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला होता. भयाने कारण मागितले आणि पूर्वग्रहाने नाव पुरवले.

१ सप्टेंबर १९२३ रोजी जपानमधील टोकियो आणि योकोहामा भूकंपाने व आगींनी उद्ध्वस्त झाली. एक लाखाहून अधिक माणसे मेली. येथे विध्वंस तर डोळ्यांसमोर होता. भीतीला आणखी कारणाची गरज नव्हती. तरीही कोरियन लोक विहिरींत विष कालवीत आहेत, आगी लावीत आहेत, अशी अफवा पसरली आणि हातात शस्त्रे घेतलेल्या टोळ्यांनी हजारो कोरियन मजुरांची हत्या केली. तेव्हा फेस्टिंगर यांचा तर्क सर्वच प्रसंगांना पुरत नाही. जपानने १९१० साली कोरिया गिळंकृत केला होता आणि १९१९ साली तेथील स्वातंत्र्याची चळवळ निष्ठुरपणे चिरडली होती. ज्याच्यावर आपण अन्याय केला आहे, तो संधी मिळताच सूड घेईल, ही भीती भूकंपाच्या आधीच मनात घर करून होती.

आपल्या मुंबईचाही असाच एक अनुभव आहे. १८९६ साली शहरात प्लेग आला आणि सरकारने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्यास आरंभ केला. रुग्णालयात माणसे मारून त्यांच्या देहांतून मोमियाई काढतात, अशी वदंता उठली आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. मोमियाईची गोष्ट निखालस खोटी होती. पण परक्या सरकारचे शिपाई घरात शिरत होते, आजारी माणसाला उचलून नेत होते आणि त्याच्या नातलगांना काही विचारीत नव्हते, हे खरे होते. अफवेतील घटना खोटी असते. नात्याला गेलेला तडा मात्र पुष्कळदा खरा असतो.

हे सारे जुन्या काळचे, अज्ञानाच्या युगातले, असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षेसाठी सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या, भटक्या जमातीतील पाच जणांना ‘मुले पळविणारी टोळी’ समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून ठार केले. अफवा मोबाइलवरून आधीच गावोगावी पोहोचली होती. तिला चिकटवायला फक्त अनोळखी चेहरे हवे होते. गावोगाव फिरणाऱ्या या जमातींकडे चोर म्हणून पाहण्याची आपल्या समाजाची सवय मोबाइलपेक्षा कितीतरी जुनी आहे.

मग उपाय काय? खोट्याचे खंडन केलेच पाहिजे. पोप क्लेमेंट यांनी ते केले म्हणून आज आपण मान ताठ ठेवून त्यांचे नाव घेऊ शकतो. पण घाबरलेल्या जमावाला तर्क सहसा ऐकू येत नाही. १९२३च्या त्याच भयंकर दिवसांत योकोहामाजवळील त्सुरुमी येथे ओकावा त्सुनेकिची नावाचे पोलीस ठाण्याचे प्रमुख होते. त्यांनी सुमारे तीनशे कोरियन आणि चिनी लोकांना ठाण्यात आश्रय दिला. जमाव चालून आला. असे सांगतात की, ज्या विहिरीत विष घातल्याचा आरोप होता तिचे पाणी त्यांनी मागवले आणि सर्वांच्या देखत ते स्वतः प्याले. आश्रितांचे प्राण वाचले. त्सुरुमी येथील एका बौद्ध मंदिरात त्यांच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा आहे.

विहीर शुद्ध आहे हे त्या दिवशी अनेकांना ठाऊक असेल. पाणी मात्र एकाच माणसाने पिऊन दाखवले. आपल्या धर्मग्रामात, आपल्या आळीत, आपल्या घरातील जेवणाच्या वेळी एखाद्या समाजाविषयी, एखाद्या जातीविषयी, पोटासाठी परप्रांतातून आलेल्या एखाद्या माणसाविषयी जेव्हा कोणी ‘असे ऐकले’ म्हणून सांगू लागतो, तेव्हा ‘कोणाकडून ऐकले?’ एवढे विचारणे म्हणजेही त्या पाण्याचा एक घोट घेणेच आहे. आणि ज्याच्याविषयी ते सांगितले जाते, त्याच्या घरी आपले येणेजाणे आधीपासून असेल, तर तो घोट घेणे जड जात नाही. भूकंप आणि साथी पुढेही येतील आणि माणसे घाबरतीलच. भ्यालेल्या मनाला शेजाऱ्याचे नाव पटकन आठवू नये, यासाठीचे काम मात्र धरणी स्थिर असतानाच करावे लागते.