भांग, गांजा व भांगबियांचे पदार्थ (शहापूर व मुरबाड तालुके)

कॅनाबिस सटायव्हा या एकाच वनस्पतीपासून मिळणारे, पण वेगवेगळ्या कायद्यांखाली येणारे पदार्थ. अमेरिकेतील ग्राहक दोन दुकानांतून निवड करतो. तेथील २०१८ च्या शेतकी कायद्याने कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यापर्यंत डेल्टा-९ टीएचसी (नशा आणणारे द्रव्य) असलेल्या पिकाला ‘हेम्प’ मानून ते खुले केले (नोव्हेंबर २०२५ च्या दुरुस्तीने ही व्याख्या बरीच आवळली, अंमलबजावणीला एक वर्षाची मुदत दिली). त्याहून तीव्र माल राज्याच्या परवान्याच्या दुकानातच मिळतो. कॅलिफोर्नियात प्रौढांना तो १ जानेवारी २०१८ पासून मिळू लागला. नशेसाठी गांजा विकणारे परवानाधारक दुकान भारतात कोठेही नाही. उत्तर प्रदेश व राजस्थानातील सरकारमान्य भांगेची दुकाने त्याच्या जवळची म्हणता येतील, पण तेथे विकला जातो तो पाला. ठाणे जिल्ह्यातील ग्राहकाने झाडाचा भाग कोणता आणि वेष्टनावर परवाना कोणाचा, एवढे दोनच प्रश्न विचारायचे असतात.

वनस्पतीचे भाग : मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, त्यांवरची राळ म्हणजे चरस आणि पाने म्हणजे भांग. टीएचसी हे मादक द्रव्य राळेत एकवटलेले असते. बियांत ते मुळात नसते. मळणीच्या वेळी राळ चिकटली तर अंशमात्र येते. भाताआधी हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग (क्रोटालारिया जुन्सिया) आणि भाजीची अंबाडी (हिबिस्कस कॅनाबिनस) या निराळ्या कुळांतील वनस्पती असून त्यांवर कोणतेही बंधन नाही.

इतिहास : या विषयावरचा सर्वांत मोठा दस्तऐवज १८९३-९४ च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाचा आहे. ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन यांनी बंगालमधील गांजाविषयी प्रश्न विचारला. चौकशी पुढे सबंध हिंदुस्थानापर्यंत वाढली. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील सात सदस्यांत तीन भारतीय होते. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या. अहवालातला वेड्यांच्या इस्पितळांवरचा भाग आजही वाचण्याजोगा आहे. रुग्णाला दाखल करताना कारणाच्या रकान्यात पोलीस वा कारकून सरधोपटपणे ‘गांजा’ लिहीत आणि तोच आकडा पुढे वैद्यकीय पुरावा म्हणून फिरत असे, हे आयोगाने मूळ कागद तपासून दाखवले. बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो आणि सरसकट बंदीपेक्षा कर व परवाना बरा, असा निष्कर्ष निघाला. मुंबई इलाख्यातील लागवड प्रामुख्याने घाटावर, अहमदनगर व सातारा भागांत होती. ठाण्याच्या अबकारी इतिहासात मात्र मोह आणि ताडी यांनीच जागा व्यापली आहे. मोहफुले बाळगण्यावर निर्बंध घालणारा १८९२ चा मुंबई कायदा मुख्यतः ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी झाला होता.

१९६१ च्या अमली पदार्थविषयक आंतरराष्ट्रीय करारात कॅनाबिसच्या व्याख्येतून शेंड्यांशिवायची पाने व बिया वगळल्या गेल्या. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आलेल्या भारताच्या अमली पदार्थविषयक (एनडीपीएस) कायद्याने हीच सवलत कायम ठेवली.

गांजा व चरस : औषधी, शास्त्रीय वा औद्योगिक परवानगीखेरीज पूर्ण बंदी. गांजाची ‘अल्प मात्रा’ १ किलोपर्यंत, ‘व्यापारी मात्रा’ २० किलोंपेक्षा जास्त. चरसाच्या बाबतीत याच मर्यादा १०० ग्रॅम व १ किलो. गांजाच्या अल्प मात्रेस एक वर्षापर्यंत सक्तमजुरी वा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी मात्रेस किमान दहा वर्षे. वजनात देठ, पाला, बिया धरायच्या की नाहीत यावर न्यायालयांत वाद होत आले आहेत.

भांग : पाला एनडीपीएस कायद्याबाहेर असला तरी महाराष्ट्रात मोकळा नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय भांग बनवणे, बाळगणे किंवा पिणे हा गुन्हा आहे. होळीच्या थंडाईतला घोटा याला अपवाद नाही. बहुतेकांना हे ठाऊक नसते. वाराणसीत दुकानातून रीतसर घेतलेली भांगेची गोळी महाराष्ट्राच्या हद्दीत आली की तिला इथला कायदा लागतो.

विजयायुक्त औषधे : आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात; जातिफलादी चूर्णात ती असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये बिया वगळून भांगेची गणना विषद्रव्यांत केली आहे. त्यामुळे पोटात घ्यायच्या अशा औषधाच्या वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांकाबरोबर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा हिंदी व इंग्रजीत छापावा लागतो. इशारा नसलेली भांगयुक्त ‘आयुर्वेदिक’ मुनक्का गोळी घेऊ नये, असेच सांगावे लागेल. वैद्याची चिठ्ठी जवळ ठेवावी.

भांगबियांचे पदार्थ : बी, बियांचे तेल व पीठ यांना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्न म्हणून मान्यता दिली. टीएचसीची कमाल मर्यादा बी व पिठात किलोमागे ५ मिलिग्रॅम, तेलात १० मिलिग्रॅम. वेष्टनावर पानाचे चित्र किंवा नशेचा सूचक दावा चालत नाही. हिरवे पान ठळक छापलेली बरणी त्यामुळेच संशयास्पद ठरते. चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक पाहावा. या पदार्थांनी नशा होत नाही. प्रथिने व तेल यांसाठीच घ्यायचे असेल, तर याच डोंगरपट्टीत पिकणारी खुरासणी कितीतरी स्वस्त पडते आणि तिची चटणी इथे घरोघर माहीत आहे.

आरोग्यपरिणाम : पाहा ‘मादक पदार्थ’.

स्थानिक यंत्रणा : शहापूर भिवंडी महसूल उपविभागात व मुरबाड कल्याण उपविभागात, दोन्ही ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. भांगेचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, औषध व अन्नाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे.

परदेशी माल : अमेरिका किंवा कॅनडातील नातेवाइकांनी भेट म्हणून आणलेल्या टीएचसीयुक्त गोळ्या (‘गमी’) वरीलपैकी कोणत्याही वर्गात बसत नाहीत. टीएचसी एनडीपीएस कायद्याच्या अनुसूचीत असल्यामुळे तिकडच्या परवानाधारक दुकानाची पावती येथे बचाव ठरत नाही.