मुदतीचा मेळ: एका सूत्राचा इतिहास

रोख्यांच्या बाजारात मोठी पडझड झाली की दोष सूत्राच्या माथी मारला जातो. ड्यूरेशनचा इतिहास नीट पाहिला तर दिसते की हे सूत्र क्वचितच चुकले. ज्या अटींवर ते उभे आहे, त्यांचा विसर मात्र वारंवार पडला. 1938 साली फ्रेडरिक मॅकॉले यांनी न्यूयॉर्कच्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चसाठी लिहिलेल्या ग्रंथात ही कल्पना मांडली. 1856 पासूनच्या अमेरिकी व्याजदरांचा आणि रोख्यांच्या परताव्यांचा अभ्यास करताना रोख्याची मुदत हे माप त्यांना अपुरे वाटले. मुदत सारखी असली तरी ज्या रोख्यावर व्याज जास्त, त्यातला पैसा लवकर परत येतो. म्हणून प्रत्येक हप्त्याला त्याच्या आजच्या मूल्याइतके वजन देऊन त्यांनी सरासरी काळ काढला; हेच ड्यूरेशन. दर्शनी किमतीला घेतलेला, वर्षाला 6 टक्के व्याज देणारा 10 वर्षांचा रोखा या हिशेबाने सुमारे 7.8 वर्षांचा ठरतो. मॅकॉले यांच्या लेखी हे केवळ मोजमाप होते.

त्याचे ढाल म्हणून रूप स्पष्ट केले ते प्रुडेन्शियल या ब्रिटिश विमा कंपनीचे अ‍ॅक्च्युअरी फ्रँक रेडिंग्टन यांनी, 1952 च्या निबंधात. व्याजदर वाढले की हातातल्या रोख्यांची किंमत घसरते, पण भावी देण्यांचे आजचे मूल्यही घटते. दोन्हींचे मूल्य आणि सरासरी काळ सारखे ठेवले, तर एकीकडचा तोटा दुसरीकडे भरून निघतो. येणी देण्यांपेक्षा काळात अधिक पसरलेली हवीत, ही त्यांची आणखी एक अट होती. या व्यवस्थेला त्यांनी ‘इम्युनायझेशन’ म्हटले. देण्याच्या तारखेलाच पिकणारे रोखे घेतले तर एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पण आयुर्विम्याची देणी अनेक दशके चालतात आणि त्या प्रत्येक तारखेचा रोखा बाजारात मिळत नाही. म्हणून सरासरी जुळवावी लागते. ती एकदाच जुळवून भागत नाही; काळ सरतो, व्याजदर हलतात आणि मेळ पुन्हा बसवावा लागतो.

हा मेळ नसला की काय होते, ते अमेरिकेतील बचत व कर्ज संस्थांनी दाखवले. अल्पमुदतीच्या ठेवी घेऊन त्या 30 वर्षांची स्थिर व्याजाची गृहकर्जे देत. 1979 नंतर फेडरल रिझर्व्हने महागाईविरुद्ध कडक धोरण घेतले आणि 1981 मध्ये 10 वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा 15 टक्क्यांच्या वर गेला. ठेवींचे व्याज वाढत गेले, कर्जांचे उत्पन्न मात्र जुन्याच दराने येत राहिले.

खरा आक्षेप 2022 च्या ब्रिटनचा आहे. तिथल्या निवृत्तिवेतन निधींनी तर देण्यांशी मेळ घालण्यासाठीच गुंतवणूक केली होती. तरी 23 सप्टेंबरच्या अर्थसंकल्पी घोषणांनंतर सरकारी रोखे कोसळताच ते अडचणीत आले आणि 28 तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखेखरेदी जाहीर करावी लागली. अखेर सुमारे 19.3 अब्ज पौंडांचे रोखे घेतले गेले. मग सूत्र फसले का? नाही. दर वाढल्याने देण्यांचे आजचे मूल्यही घटले होते आणि कागदावर अनेक निधींची स्थिती सुधारत होती. पण मेळ उसन्या पैशावर आणि व्याजदरांच्या करारांवर बसवला होता. किमती घसरताच तारण वाढवून मागितले गेले, ते भागवण्यासाठी रोखे विकले गेले आणि त्या विक्रीने किमती आणखी घसरल्या. देणी दूरच्या काळातली होती, तारणाची मागणी मात्र त्याच दिवसाची.

ड्यूरेशनचा मेळ मूल्याचे रक्षण करतो, रोकड पुरवत नाही. तो बसवणाऱ्याने घसरणीच्या दिवशी लागणारी रोकडही आधीच बाजूला ठेवली पाहिजे. ती ठेवली नसेल, तर दोष सूत्राला देता येणार नाही.